दहावी झाली तरी लेकरू लेकरूच



दहावीचा निकाल लागला की आपल्या गटांच्या बैठकीत कर्जाची कारणं बदलतात. एरवी बी-बियाणं, शेळी, घराची डागडुजी अशी कारणं असतात. जून-जुलैमध्ये मात्र "पोरीच्या कोर्सची फी भरायचीय", "पोराला भरतीच्या अकॅडमीत घालायचंय", "कॉम्प्युटर क्लास लावायचाय" अशा मागण्या येतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. आपल्या बचतीतून आपली मुलं शिकतायत.

अशी मागणी आली की आपण काय विचारतो? फी किती, हप्ता किती, परतफेड कधी. पण ज्या क्लासमध्ये, ज्या अकॅडमीत, ज्या होस्टेलवर लेकरू जाणार आहे, तिथे ते सुरक्षित आहे का, हे सहसा कुणी विचारत नाही. या महिन्याचा पाठ या न विचारलेल्या प्रश्नाचा आहे.

सचिव ताईंनी किंवा सीआरपी ताईंनी हा पाठ बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा. एका बैठकीत झाला नाही तर दोन बैठकांत घ्या. शेवटी चर्चेचे प्रश्न दिले आहेत, ते सोडू नका.

अठरा पूर्ण होईपर्यंत मूल 'बालक'च

दहावी होते तेव्हा मूल पंधरा-सोळा वर्षांचं असतं. बारावीला सतरा-अठरा. आपण म्हणतो, "आता मोठी झाली, तिचं ती बघेल." कायदा मात्र असं म्हणत नाही. २०१२ साली लैंगिक अत्याचारापासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा आला, ज्याला आपण 'पोक्सो' म्हणतो. त्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, मुलगी असो वा मुलगा.

आता बघा, ही अठराखालची मुलं दहावीनंतर कुठे कुठे जातात. आयटीआयला चौदा वर्षं पूर्ण झाली की प्रवेश मिळू शकतो. 'उमेद'मधून आपण मुलांना ज्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेच्या प्रशिक्षणाला पाठवतो, तिथे पंधरा वर्षांपासून पुढे घेतात, आणि बऱ्याच केंद्रांत राहायची सोय तिथेच असते. शिवण क्लास, पार्लरचा कोर्स, टायपिंग, पोलीस भरती अकॅडमी, ट्यूशन इथे तर वयाचा दाखलाही मागत नाहीत. एकाच शिवण क्लासमध्ये सोळा वर्षांची मुलगी आणि तीस वर्षांची बाई शेजारी बसून शिकते. बाहेर पाटी 'प्रशिक्षण केंद्र' अशी असते, त्यामुळे आत लेकरं आहेत हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. चालवणाऱ्याच्याही नाही, आपल्याही नाही.

शाळेत जे आहे, ते क्लासमध्ये का नाही?

शाळेचं तसं बरं असतं. शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात पालक असतात. २०२२ पासून शाळांमध्ये 'सखी सावित्री समिती' नेमायची आहे. तक्रारपेटी असते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली घटना उघडकीस आली, लोक रस्त्यावर उतरले, आणि मग राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चौकशी, तक्रारपेटी याबद्दल पुन्हा बजावलं. सगळीकडे सगळं नीट पाळलं जातं असं नाही. पण निदान बोट ठेवायला जागा आहे. मुख्याध्यापकांना विचारता येतं, केंद्रप्रमुखांना विचारता येतं.

क्लासचं काय? तालुक्याच्या गावी दुकानाच्या माडीवर एक खोली, एकच सर, संध्याकाळची बॅच. मालकही तेच, शिकवणारेही तेच, फी घेणारेही तेच. काही घडलं तर मुलीने सांगायचं कुणाला? ज्याची तक्रार आहे त्यालाच?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्येही असंच होतं. तिथे २००२ च्या शिक्षण कायद्याने मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी शाळांवर आणि कॉलेजांवर टाकलेली होती. पण सोळा वर्षांपुढच्या मुलांना शिकवणाऱ्या काही खास संस्था आणि खासगी प्रशिक्षण केंद्रं यांना तो कायदा तसाच लागू नव्हता. त्यांच्यावर जी काही बंधनं होती ती करारातल्या अटींची. म्हणजे वर्गमैत्रिणी त्याच, वय तेच, पण एक कॉलेजात गेली आणि दुसरी प्रशिक्षण केंद्रात, तर दोघींच्या मागे कायदा सारखा उभा नव्हता. २०२१ साली तिथल्या संसदेने नवा कायदा करून ही फट बुजवली. सरकारी पैशावर चालणाऱ्या अशा संस्थांनाही शाळेसारखीच जबाबदारी लागू केली. मुलांच्या सुरक्षेसाठी संस्थेत एक ठराविक व्यक्ती नेमलेली असली पाहिजे, आणि ती कोण हे मुलांना माहीत असलं पाहिजे, अशी तिथली पद्धत आहे.

आपण त्यातून एवढंच घ्यायचं: मूल कुठल्या पाटीखाली बसलंय यावर त्याची सुरक्षितता ठरता कामा नये.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. तो आहे, पण क्लासच्या दारापर्यंत कुणी नेलेला नाही. पाच गोष्टी लक्षात ठेवा.

एक. पोक्सोचे २०२० चे नियम सांगतात की, ज्या ज्या संस्थेचा मुलांशी नेहमी संबंध येतो, त्या प्रत्येक संस्थेने आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठराविक काळाने करून घ्यायची. नियमात शाळांबरोबर क्रीडा अकॅडमीचं नावही आहे, आणि 'मुलांसाठीची इतर कोणतीही सोय' असंही म्हटलंय. शिकवणारेच नाहीत, तर शिपाई, ड्रायव्हर, स्वयंपाकी, कंत्राटी माणसंसुद्धा. शिवाय कर्मचाऱ्यांना मुलांच्या सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायचं आहे.

दोन. मुलाशी शारीरिक लगट करणं हाच फक्त गुन्हा नाही. वाईट हेतूने घाणेरडं बोलणं, खाणाखुणा करणं, अश्लील फोटो-व्हिडिओ दाखवणं, सतत पाठलाग करणं, मोबाईलवरून तसा संपर्क करत राहणं हाही लैंगिक छळ आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

तीन. शिक्षण संस्थेतल्या किंवा मुलांना सेवा देणाऱ्या संस्थेतल्या मालकाने, व्यवस्थापकाने, कर्मचाऱ्याने तिथल्या मुलावर अत्याचार केला, तर कायदा तो जास्त गंभीर मानतो आणि शिक्षाही जास्त देतो. कारण आपण लेकरू विश्वासाने त्याच्या हाती दिलेलं असतं.

चार. असा गुन्हा घडला हे ज्याला कळलं, किंवा घडेल अशी धास्ती ज्याला वाटली, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणजे "आमच्या क्लासचं नाव खराब होईल" म्हणून गप्प बसणारा मालक स्वतःच गुन्हेगार ठरतो.

पाच. अठरा पूर्ण झालेल्या मुलींना आणि आपल्यासारख्या बायकांनाही संरक्षण आहे. २०१३ चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा खासगी शैक्षणिक आणि प्रशिक्षण संस्थांनाही लागू होतो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तिथे अंतर्गत समिती हवी, आणि तिची अध्यक्ष महिला हवी. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची.

काही बायका विचारतात, "ताई, आणि तक्रार खोटी निघाली तर?" चांगल्या हेतूने माहिती दिली असेल, तर माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. मुद्दाम सूड म्हणून खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला मात्र शिक्षा आहे. खरं-खोटं शोधणं हे आपलं काम नाही, ते पोलिसांचं आणि कोर्टाचं. आपलं काम कळवण्याचं.

मुलगी बोलत का नाही?

कायदा कितीही चांगला असला, तरी मुलीने तोंड उघडल्याशिवाय तो हलत नाही. आणि मुलगी का बोलत नाही, याचं उत्तर पोलीस स्टेशनात नाही, आपल्या घरात आहे.

समजा, अशी एक मुलगी आहे. सतरा वर्षांची. आईने गटातून कर्ज काढून कोर्स लावलाय. सर रात्री मेसेज करतात. आधी अभ्यासाचे, मग "जेवलीस का", मग "फोटो पाठव". मुलीला हे आवडत नाही. पण तिच्या डोक्यात काय चालू असतं? 'आईला सांगितलं तर आई बाबांना सांगेल. बाबा म्हणतील, बस झालं शिक्षण. मोबाईल काढून घेतील. वर्षाच्या आत स्थळ बघतील. आणि गटाचे पैसे बुडतील ते वेगळंच.' म्हणून ती गप्प बसते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाते.

भगिनींनो, इथे थांबून जरा विचार करा. चूक सरांची, आणि शिक्षा कुणाला? शाळा-कॉलेज कुणाचं सुटलं? मोबाईल कुणाचा गेला? लग्न कुणाचं लागलं? सर उद्या दुसऱ्या बॅचला शिकवायला मोकळेच. वाईट वागणारा माणूस आपल्या याच सवयीच्या जिवावर निर्धास्त असतो. त्याला ठाऊक असतं की ही मुलगी घरी बोलणार नाही.

म्हणून क्लासला पहिल्या दिवशी पाठवण्याआधी मुलीला शेजारी बसवून स्पष्ट सांगा: "तिथे कुणी वेडंवाकडं वागलं तर मला सांग. मी तुला दोष देणार नाही. क्लास बदलू, पण तुझं शिक्षण बंद करणार नाही." हे एवढं बोलणं कुठल्याही सीसीटीव्हीपेक्षा जास्त कामाचं आहे. पण एकदा बोललात की शब्द पाळा.

मुलग्यांनाही हेच सांगा. भरतीच्या अकॅडमीत, होस्टेलवर पंधरा-सोळा वर्षांचे मुलगे राहतात. तिथे मारहाण होते, मोठी मुलं लहानांना त्रास देतात, कधी लैंगिक छळही होतो. "पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय" असं आपण म्हणालो की मुलगा पुन्हा तोंड उघडत नाही. 'शिस्त' म्हणून पट्ट्याने मारणं ही शिस्त नव्हे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याचा छळ केला, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली तो गुन्हा आहे.

मूल बोलत नसेल तर लक्षणं बघा. आवडीचा क्लास असून अचानक जायला नको म्हणतं. ठराविक दिवशीच पोट दुखतं. मोबाईल वाजला की दचकतं, लपवतं. जेवण कमी होतं, झोप लागत नाही. पैसे किंवा भेटवस्तू कुठून आल्या ते सांगत नाही. यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे काही घडलंच असं नाही. पण जवळ बसून शांतपणे विचारायची वेळ आलीय, एवढं नक्की.

फी भरण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

फी भरायला एकटी जाऊ नका, गटातली एक मैत्रीण सोबत घ्या. हे प्रश्न नम्रपणे पण ठामपणे विचारा.

१. इथे शिकवणाऱ्यांची आणि इतर कामगारांची पोलीस पडताळणी झाली आहे का? कागद दाखवाल का?

२. मुलांना काही त्रास झाला तर त्यांनी कुणाला सांगायचं? त्या व्यक्तीचं नाव भिंतीवर लिहिलंय का? ती व्यक्ती मालकाच्या घरातली तर नाही ना?

३. मुलींच्या बॅचच्या वेळी एखादी महिला हजर असते का? बॅच किती वाजता सुटते?

४. मुलांना मेसेज कोण करतं? क्लासचा एकच ग्रुप असावा, त्यात पालकांचाही नंबर असावा. सरांनी मुलीला वेगळा मेसेज करायचं कारण काय?

५. होस्टेल असेल तर: मुलींच्या होस्टेलला महिला वॉर्डन रात्री राहते का? खोलीला, बाथरूमला आतून कडी आहे का? घरी फोन कधी करू देता? पालक न सांगता आले तर भेटू देता का?

६. एकट्या मुलाला बंद खोलीत शिकवणं, कामासाठी बाहेर नेणं, गाडीवरून सोडणं याबद्दल तुमचा नियम काय?

चांगला क्लास चालवणारा माणूस या प्रश्नांनी चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं. "तुमचा विश्वास नाही का आमच्यावर?" असं कुणी उलट विचारलं, तर सांगा, "विश्वास आहे म्हणूनच विचारतोय. हा नियम आहे." तरीही उडवाउडवी झाली, तर पैसे पदराला बांधा आणि दुसरा क्लास बघा.

काही घडलंच तर काय करायचं?

आधी मुलाचं ऐकून घ्या. मध्ये बोलू नका, "तू तिथे गेलीसच कशाला" हे तर अजिबात नको. सांगा, "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही."

मग १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत. लगेच धोका असेल तर ११२. महिलांसाठी १८१ आहे. किंवा सरळ जवळच्या पोलीस स्टेशनला जा.

पोलिसांची भीती वाटते हे मला माहीत आहे. म्हणून हे लक्षात ठेवा: मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो. शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलीस स्टेशनमध्ये ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आणि त्या वेळी आई-वडील किंवा मुलीचा विश्वास असलेली व्यक्ती हजर असते. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. हे आपले हक्क आहेत, मागून घ्या.

काही गोष्टी मात्र करू नका. मोबाईलमधले मेसेज, फोटो पुसू नका, तो पुरावा आहे. त्या माणसाला एकट्याने जाब विचारायला जाऊ नका. गावबैठकीत पैसे घेऊन मिटवू नका, अशा गुन्ह्यात तडजोड होत नाही. मुलाचं नाव कुणाला सांगू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नाही. आणि शिक्षण थांबवू नका. मुलगी पुन्हा वह्या-पुस्तकं घेऊन घराबाहेर पडली, तरच खऱ्या अर्थाने आपण जिंकलो.

ग्रामसंघाने काय करावं?

एकटी आई क्लासवाल्यापुढे दबते. बायका एकत्र गेल्या की गोष्ट वेगळी होते. दारूबंदीच्या वेळी, रेशनच्या वेळी आपण हे अनुभवलंय. म्हणून पुढच्या बैठकीत चार कामं ठरवा.

पहिलं, आपल्या गावातली अठराखालची किती मुलं-मुली कुठल्या क्लासला, अकॅडमीला, होस्टेलला जातात याची यादी करा.

दुसरं, ठराव करा की शिक्षणासाठी कर्ज देताना वरचे सहा प्रश्न विचारलेत का, याची नोंद अर्जावर होईल. कर्ज अडवायचं नाही, प्रश्न विचारण्याची सवय लावायची.

तिसरं, जिथे आपली जास्त मुलं जातात त्या क्लासला ग्रामसंघाच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि दोघी-तिघींनी भेट द्या. पत्रात दोनच मागण्या ठेवा: सगळ्यांची पोलीस पडताळणी, आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव व १०९८ नंबर दारात लावणं. पत्राची पोच घ्या.

चौथं, ग्राम बाल संरक्षण समितीच्या बैठकीत हा विषय घ्यायला लावा. सरपंच आणि अंगणवाडी ताई त्या समितीत असतात. गावाच्या हद्दीत चालणारे क्लास त्यांनी बघायलाच हवेत. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करता येतो.

बैठकीत चर्चा करा

• आपल्या गटातल्या किती घरांतली मुलं दहावीनंतर बाहेर शिकायला जातात? त्या क्लासच्या मालकाचं पूर्ण नाव आपल्याला माहीत आहे का?

• मुलीने त्रास सांगितला म्हणून तिचं शिक्षण बंद झालं, असं आपल्या आसपास घडलंय का? नाव न घेता बोला. तेव्हा काय वेगळं करता आलं असतं?

• सहा प्रश्नांपैकी कुठला विचारायला सगळ्यात अवघड वाटतो? दोघींनी उभं राहून, एकीने आई आणि एकीने क्लासवाले सर होऊन, तो प्रश्न विचारून बघा.

चर्चा झाल्यावर १०९८ हा नंबर प्रत्येकीने आपल्या आणि मुलांच्या मोबाईलमध्ये तिथेच भरून घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना शेजारणीने भरून द्यावा. ठराव झाला की त्याची प्रत सीआरपी ताईंकडे द्या, प्रभागसंघाच्या बैठकीत सगळ्या गावांचे ठराव एकत्र मांडू.

आपली,
क्षेत्र समन्वयक